धडा

एमबीएच्या फॉर्मच्या शेवटी एक चौकट आहे, ऐच्छिक.
अडीचशे शब्दांत सांगा, पदवीचे गुण असे का.
ऐच्छिक म्हणजे काय ते कळतं मला.
पत्रिकेवर छापतात ना, ‘आपली उपस्थिती हाच आहेर’,
तसं.

चौथं सेमिस्टर, दोन विषय राहिले.
पाचवं, त्यातला एक पुन्हा.
सरासरी पाच पूर्णांक आठ.

अलकापुरीतल्या सल्लागारानं एसी जरा कमी करून विचारलं,
“घरात कुणी आजारी होतं? कुणी गेलं त्या वर्षी?
अशी एखादी गोष्ट असली की गुण झाकले जातात.”
मी म्हटलं, आठवून सांगते.
पावतीवर त्यानं माझं नाव ‘रुजुता’ लिहिलं.
बडोद्यात ते चालतं.

घरी बाबा शेंगा सोलत बसलेले.
प्रतापनगरच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली,
रक्तदाब एकशेवीस-ऐंशी, दात सगळे स्वतःचे.
त्यांनी ऐकून घेतलं, टरफलं परातीत एका बाजूला सारली,
म्हणाले, “मला आजारी कर हवं तर.
कावीळ लिही. काविळीतून माणूस उठतो.”
आतून आई, “तिन्हीसांजेला भलतंसलतं बोलू नका.”

त्या वर्षी काहीच झालं नव्हतं,
हीच तर अडचण.
कुणी गेलं नाही. विश्वामित्रीला पूर आला तो पुढच्या वर्षी.
मी नुसती जात नव्हते.
सकाळी डबा घेऊन निघायचे आणि कमाटीबागेत
फुलांच्या घड्याळासमोर बसायचे.
काटे फिरायचे, माळी पाणी घालायचा,
पोळीभाजी संपायची, पाच वाजायचे.
पहिल्या चाचणीत शून्य, म्हणून दुसरीची भीती,
आणि भीती दुपारच्या झोपेसारखी असते,
अंगावर घेतली की गोड लागते.

मकरपुऱ्यात मी कामाला लागले त्या वर्षीची गोष्ट.
ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार रिळांवर येते.
कागदावर तांबं जास्त, गोदामात कमी,
दर महिन्याला.
सगळ्यांच्या तोंडी चोरी.
रात्रपाळीच्या दोघांना घरी बसवायचं जवळजवळ ठरलं.
मी रिकामी रिळं वजन करत बसले. एकेक. दोन दिवस, फरशीवर.
प्लॅस्टिकची जाऊन लाकडी आली होती कधीतरी
आणि वजाबाकी अजून प्लॅस्टिकचीच चालू होती.
जशवंतभाई पांचाळांनी कपाळावर हात मारला,
“धडो करवानोज भूली गया!”
तोवर मला धडा म्हणजे पुस्तकातला ठाऊक,
पाठ करायचा, न जमला तर नापास.
भांड्याचं वजन आधी काढून ठेवतात, त्यालाही धडाच म्हणतात,
हे त्या दिवशी, त्या फरशीवर.

मालक म्हणाले, शिफारसपत्र तूच लिहून आण, सही करतो.
जशवंतभाई दहावी. त्यांनी चलनाच्या पाठकोऱ्या बाजूवर
गुजरातीत स्वतः लिहून दिलं:
बेनचे मार्क मला माहीत नाहीत.
दोन माणसांची नोकरी राहिली, ते माहीत आहे.
मी त्याचं भाषांतर केलं, आणि एकही विशेषण घातलं नाही.
फार मोह झाला होता.

रोज आठ ते दहा संख्याशास्त्र करते,
तेच, जे राहिलं होतं.
सव्विसाव्या वर्षी प्रमाणित विचलन कळलं
आणि जरा रागच आला, इतकं सोपं होतं म्हणून.
परवा निकाल लागला. ब्याऐंशी.
बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला
आणि कावीळ मागे घेतली.

चौकटीतलं पहिलं वाक्य आता असं आहे:
त्या वर्षी काही झालं नव्हतं, मी वर्गात जात नव्हते.
सल्लागार फोनवर म्हणाला, “असं कुणी लिहीत नाही.”
एकशे एकवीस शब्द झालेत.
उरलेल्यांचं काय करायचं, सुचत नाही.
मंगळवार शेवटची तारीख.
बाबा विचारतात, शेंगा भाजू की उकडू?